गाडीतला पखवाज

गाडी घेतली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि त्याआधीची सोळा वर्षं कोरगावहून डिचोलीला बसने जात होते. कोरगावहून पेडणे, पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, अशा तीन बसेस. डिचोलीच्या एका हायस्कूलमध्ये मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माहेरही तिथलंच, त्यामुळे शाळा सुटल्यावर आईच्या हातचा चहा मिळायचा. तेवढं सुख सोडलं तर त्या प्रवासाने माझी कंबरही बिघडवली होती आणि स्वभावही.

गाडी छोटीशी, पांढरी. नवऱ्याचं म्हणणं होतं की रंग लाल घे, आपल्याकडच्या मातीत पांढरी गाडी दोन दिवसांत लालच होणार आहे. तो तुयेच्या औषधांच्या कारखान्यात पाळीवर असतो, त्याला स्कूटर पुरते. गाडी माझी होती. शोरूममधल्या मुलीने मला पुढच्या सीटवर बसवून समोरचा पडदा चालू करून दाखवला, बोट फिरवून गाणी बदलून दाखवली, आणि मी तिथेच ठरवून टाकलं की आता रोज सकाळचा एक तास माझा. कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा, आणि सोबत माझ्या आवडीचं गाणं. सोळा वर्षं ड्रायव्हरच्या आवडीची गाणी ऐकली होती, तीही डोक्यावरच्या स्पीकरमधून, खिडकीच्या काचा थरथरेपर्यंत.

शोरूममध्ये एसी चालू होता, लोक बोलत होते, मी हरखलेली होते. आवाज कसा आहे हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं. तांब्यात तोंड घालून कोणी गावं तसा. गाणारीचे शब्द ऐकू येत होते, पण तिच्यामागे कोणी बसलेलं नाही असं वाटायचं. तंबोरा नाही, तबला म्हणजे टेबलावर पेन्सिल आपटल्यासारखा. आवाज वाढवला की सगळं कर्कश व्हायचं. बसमध्ये निदान ठेका तरी लागायचा, हे आठवून मला हसू आलं आणि थोडं रडूही. पण घरी कोणाला सांगितलं नाही. एवढी वर्षं मागे लागून घेतलेली गाडी. तिचं उणं आठवड्याच्या आत आपल्याच तोंडाने कसं सांगायचं?

ते सांगितलं माझ्या सासऱ्यांनी.

बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तीस वर्षं डिचोलीजवळच्या शिरगावच्या खाणीवर वर्कशॉपमध्ये फिटर होते. माती वाहणारी मोठी यंत्रं दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. तिथले लोक अजून भेटतात तेव्हा सांगतात, की यंत्र सुरू करून बाबांना बोलवायचे, ते डोळे मिटून मिनिटभर उभे राहायचे आणि नेमकं कुठे हात घालायचा ते दाखवायचे. आणि गावात ते पखवाज वाजवायचे. देवळातल्या साप्ताहिक भजनाला चाळीस वर्षं. बोलणं मात्र फार कमी. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात आमच्यात झालेलं बोलणं एका दोनशेपानी वहीत मावलं असतं. भांडण नव्हतं, दुरावाही नव्हता. त्यांना चहा आणून दिला की ते "ठेव गो बाय" म्हणायचे, आणि मी ठेवायचे.

त्याच्या चार वर्षं आधी काजूच्या बागेत पाय घसरून ते पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड सांधलं, पण बोटं आखडली ती आखडलीच. दोन महिने ते रोज कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवत बसायचे. मग एका सकाळी त्यांनी पखवाज खोळीत घातला, देवळात नेऊन भजनी मंडळाला देऊन टाकला आणि घरी येऊन पेज जेवायला बसले.  

चतुर्थीच्या साफसफाईत मला कपाटाच्या तळाशी एक कॅसेट सापडली. वर बाबांच्याच अक्षरात गावच्या भजनी मंडळाचं नाव. तालुक्याच्या कुठल्याशा भजनी स्पर्धेत केलेलं रेकॉर्डिंग होतं, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं. मी ती म्हापशाला एका स्टुडिओत देऊन पेन ड्राइव्हवर घेतली आणि कोणालाच बोलले नाही. बाबांना डोळे तपासायला म्हापशाला न्यायचं होतं, तेव्हा गाडीत लावायचं ठरवलं.

त्या दिवशी बाबा धुतलेला पांढरा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले. पट्टा लावताना थोडे गोंधळले, मग दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ बघत राहिले. धारगळचा चढ संपल्यावर मी बटण दाबलं. आधी खरखर, मग कोणाचं तरी खाकरणं, मग पेटीचा सूर. गाणाऱ्या बुवांचा आवाज आला तसे बाबांचे डोळे मोठे झाले. बुवा जाऊन दहा वर्षं झाली होती. मग टाळ आले, मागचे झील धरणारे आले. मी वाट बघत होते, की आता बाबा काहीतरी म्हणतील. कोलवाळचा पूल आला, गेला. अभंग संपत आला.

"बरा आसा मा?" शेवटी मीच विचारलं.

बाबांनी मान हलवली. म्हणाले, "सगळे आसत गो. मीच नाय."

मला आधी कळलंच नाही. मग लक्ष देऊन ऐकलं. पेटी होती, टाळ होते, बुवा होते, मागचे आठ-दहा गळे होते. पखवाज नव्हता. म्हणजे अगदी लक्ष दिलं तर चाटीचा, म्हणजे उजव्या तोंडाच्या काठाचा, टक्-टक् असा वरचा आवाज येत होता, पण डाव्या हाताची घुमकी, जिच्यावर सगळं भजन बसलेलं असतं, ती कुठेच नव्हती.

"कॅसेट जुनी आसा बाबा, म्हणान झाला असतला," मी म्हटलं.

"घरच्या टेपवर ऐकूक येय होतो," ते म्हणाले. "तुझे गाडीत पोकळ वाजता."

मी गाणं बंद केलं. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत मला ते सलत राहिलं. मी मोठ्या कौतुकाने त्यांना त्यांचं भजन ऐकवायला नेलं होतं आणि त्यातून नेमके त्यांनाच वगळून ऐकवलं होतं.

त्या संध्याकाळी मी अंगणात गाडीत बसून त्या पडद्यावरच्या आवाजाच्या सगळ्या पट्ट्या वरखाली करून बघितल्या. खालचा आवाज पूर्ण वाढवला. तेवढ्यात दारातून असा काही खडखडाट सुटला, की सासूबाई स्वयंपाकघराच्या जनेलातून ओरडल्या, "गाडयेत मांजर शिरलां की काय गो?" बाबा ओट्यावरून उठून आले. दार उघडून त्यांनी बोटाच्या पेरांनी त्यावर ठोकलं. वर ठोकलं, खाली ठोकलं, मधे ठोकलं. मग स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून मला गाणं लावायला सांगितलं.

"डबो आसा," ते म्हणाले. "रिकामो पत्र्याचो डबो. हेच्यात पखवाज कसो बोलात?"

"मगे काय करूया?"

"उघडूया," बाबा म्हणाले.

नव्या कोऱ्या गाडीचं दार! पण त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं होतं ते मी चार वर्षांत बघितलं नव्हतं. मी हो म्हटलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, "बाबांनी याच्या शंभरपट मोठी यंत्रं उघडली आहेत. तू फक्त मधे मधे करू नकोस."

मधे मधे करावंच लागलं, कारण बाबांचं मनगट स्क्रू फिरवू शकत नव्हतं. रविवारी सकाळी पोदेर पावाचे उंडे देऊन गेला, चहा झाला, आणि मी अंगणात गाडीच्या डाव्या दारासमोर पाटावर बसले. बाबा शेजारी कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून. ते सांगायचे, मी करायचे. हँडलच्या मागे एक इवलंसं झाकण असतं, त्याच्याखाली स्क्रू लपवलेला असतो, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. स्क्रू निघाले तरी दाराचं आतलं आवरण हलेना.

"आता ओढ," बाबा म्हणाले.

"मोडात बाबा!"

"मोडलां तर मोडांदे. ओढ!"

मी डोळे मिटून ओढलं. टाक्, टाक्, टाक् करत प्लॅस्टिकच्या खुंट्या सुटल्या. तीन मोडल्या. आत बघितलं आणि मला माझ्या गाडीची कीव आली. बाहेरचा पातळ पत्रा, आतला पत्रा, त्याला बशीएवढाली भोकं, त्यावर चिकटवलेला एक पातळ प्लॅस्टिकचा कागद. आणि स्पीकर म्हणजे कागदाची एक वाटी, तिच्या मागे रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं लोहचुंबक. बाबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"इतक्याशा जिवान तरी काय करायचा?" ते म्हणाले. रागाने नाही, दयेने.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. सतरा वर्षांत एवढं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. पखवाजाचं खोड एकसंध असतं, कुठे फट नसते. दोन्ही तोंडं कातड्याने आवळलेली. त्याला भोक पडलं तर तो बोलणार नाही, कारण आतला वारा बाहेर पळतो. आणि डाव्या तोंडावर कणीक थापतात ती कशाला? कातड्याला वजन यावं म्हणून. वजन आलं की आवाज खाली उतरतो, गोड होतो. ह्या दाराला भोकं आहेत आणि कणीक नाही.

मी विज्ञानाची शिक्षिका. ऐकत राहिले. शाळेत मी हेच शिकवते, पण कणीक मला कधी सुचली नव्हती.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी बाबांना घेऊन म्हापशाला गाडीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदार तरुण, उत्साही. त्याने आम्हाला आधी एका मोठ्या गाडीची डिकी उघडून दाखवली. आत पेटीएवढा खोका, त्यात ताटाएवढा स्पीकर, भोवती निळे दिवे. त्याने बटण दाबलं आणि माझ्या छातीत धडधडलं. रस्त्यावरचं कुत्रं उठून पलीकडे गेलं. बाबांनी पुढे होऊन त्या खोक्यावर हात ठेवला, आजाऱ्याची नाडी बघावी तसा, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"कसो काय, काका?" दुकानदाराने ओरडून विचारलं.

"ताकद आसा," बाबा म्हणाले. "पण ह्यो सगळ्यांक एकच बोल बोलता. धा आणि गे ह्येका एकच."

दुकानदार जरा हिरमुसला. पण मी पखवाजाचं सांगितल्यावर त्याने गाणं बंद केलं, स्टूल ओढून बाबांना बसायला दिलं आणि म्हणाला, की त्याचे आजोबाही भजनात टाळ वाजवायचे. मग त्याने चांगला सल्ला दिला. डिकीत काही नको. पुढच्या दोन दारांत चांगले स्पीकर बसवा, पण त्याआधी दार बंदिस्त करा. त्यासाठी त्याने काळ्या, चिकट, जाड रबरासारख्या चादरी काढून दाखवल्या. एका बाजूला चांदीचा कागद, दुसऱ्या बाजूला डांबरासारखा चिकटपणा. पत्र्यावर दाबून बसवायच्या, की पत्रा जड होतो आणि खडखडत नाही.

बाबांनी एक तुकडा बोटांत धरून दाबला आणि माझ्याकडे बघितलं.

"कणीक," मी म्हटलं.

ते हसले. दुकानात, सगळ्यांसमोर, तोंडभर.

बसवून देतो, असं दुकानदार म्हणाला होता. बाबांनी नको सांगितलं.

रविवारी डावं दार झालं. चादरी कात्रीने कापून आतल्या पत्र्यावर चिकटवल्या, वर लाटणं फिरवलं. लाटणं सासूबाईंना न विचारता घेतलं होतं. ते परत स्वयंपाकघरात गेलं नाही, नवीन आणावं लागलं. भोकं बुजवली. नवा स्पीकर जुन्यापेक्षा खोल होता, काच खाली आली की त्याला लागली असती, म्हणून बाबांनी फणसाच्या फळीची एक गोल चकती करायला लावली. गावातल्या सुताराने ती हसत हसत कापून दिली. प्लायवूडची का नको, असं मी विचारलं तर म्हणाले, "पावसात फुगता." मग जरा थांबून, "आणि फणस बरो वाजता."

दुपारी सगळं परत बसवून बुवांचं भजन लावलं. उजवीकडे अजून जुनाच स्पीकर होता, तरी फरक कळत होता. खडखड गेली होती आणि डाव्या कुशीत कुठेतरी खोलवर काहीतरी हलायला लागलं होतं. बाबांनी बोट वर केलं. "येता," ते म्हणाले. "येता, येता."

त्याच्या पुढच्या रविवारी बाबांना देवळाच्या कमिटीची बैठक होती. ते गेले आणि माझ्या मनात आलं, की उजवं दार आपणच करून ठेवावं. ते येतील तेव्हा तयार. एकदा केलेलं काम, त्यात काय! मी एकटीने दार उघडलं, एकच खुंटी मोडली, चादरी चिकटवल्या, सुताराने कापून दिलेली दुसरी चकती बसवली. स्पीकरच्या दोन तारा जोडायच्या होत्या. डाव्या दारात त्यांचे रंग बाबांनी बघून ठेवले होते, पण उजव्या दारातल्या तारांचे रंग निराळेच निघाले. मी क्षणभर थांबले, मग जी गडद ती इकडे आणि जी फिकट ती तिकडे, असं ठरवून जोडून टाकल्या. तासाभरात काम संपलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

बाबा आले. मी त्यांना सरळ पुढच्या सीटवर बसवलं, मी शेजारी बसले, काचा लावल्या. बुवांचा आवाज इतका स्वच्छ आला, की त्यांनी श्वास कुठे घेतला तेही कळलं. टाळ चांदीसारखे. पेटीच्या भात्याचा आवाजसुद्धा आला. आणि पखवाज पार गेला होता. आठवड्यापूर्वी डावीकडे जेवढा आला होता तेवढाही नाही.

मला रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं. मी केलेल्या दाराने होता तोही घालवला होता.

"मी काहीतरी बिघडवलां बाबा."

"रडतस कित्याक?" बाबा म्हणाले. "तू जा, जेवणाचा बघ. माका जरा बसूंदे."

मी आत गेले. जनेलातून बघत होते. बाबा एकटे गाडीत बसून होते. थोड्या वेळाने ते डाव्या सीटवर दाराला टेकले, डोकं अगदी काचेला लावून. मग उतरून पलीकडे गेले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून उजव्या काचेला डोकं लावलं. मग दोन सीटच्या मधे वाकले, गिअरच्या दांड्यावर जवळजवळ आडवे झाले. सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "ह्येंका काय झालां?" त्यांनी विचारलं. मासळीची आमटी गॅसवर होती, ती उतू गेली तरी आम्ही दोघी बघतच होतो.

शेवटी त्यांनी हाक मारली.

"एक काम कर," मी गेल्यावर ते म्हणाले. "फकत डावो वाजव. उजवो बंद."

पडद्यावर तशी सोय होती. मी आवाज पूर्ण डावीकडे सरकवला. आणि पखवाज आला! घुमकी, खोल, ठसठशीत.

"आता फकत उजवो."

उजवीकडे सरकवला. तिथेही पखवाज. माझ्या दारातही!

"आता दोनूय."

दोन्ही लावले. पखवाज गायब.

"बघलंस?" बाबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "दोघेय वाजवतत. पण एकटो भायर येता तेवा दुसरो आत जाता. दोघांची हाताघाई आसा. एकमेकाक खातत." आणि त्यांनी दोन तळहात समोरासमोर धरून दाखवलं, एक पुढे, एक मागे.

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, हे मी शिकवते! दोन लाटा, एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खड्डा, एकत्र आल्या की शून्य. फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढते. दरवर्षी. पंधरा दिवसांपूर्वीच काढलं होतं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं होतं, "टीचर, हे खरंच कुठे होतं?" मी तिला काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं होतं. आणि ते खरंच होत होतं, माझ्या अंगणात, माझ्या हाताने उलट्या जोडलेल्या दोन तारांमुळे.

"तारा उलट्यो लागल्यो बाबा! माझ्याकडसून!"

"मगे सुलट्यो कर," ते म्हणाले.

जेवण तसंच राहिलं. मी उजवं दार पुन्हा उघडलं. घाईत आणखी दोन खुंट्या मोडल्या. दोन तारा काढल्या, अदलाबदल करून लावल्या. आवरण परत बसवायलाही थांबले नाही. दार तसंच उघडंवाघडं, तारा लोंबताहेत, आणि मी आत बसून बटण दाबलं.

खरखर. खाकरणं. पेटी. बुवा.

आणि मग समोरच्या काचेच्या बरोबर मधोमध, जणू बॉनेटवर मांडी घालून बसल्यासारखा, पखवाज आला. आधी नुसता एक हात पडला, धा, आणि त्याची घुमकी सीटमधून माझ्या पाठीत शिरली. मग ठेका सुरू झाला आणि बुवा, टाळ, मागचे गळे सगळे त्याच्यावर येऊन बसले. बाबांना ओळखायला मला काही शिकवावं लागलं नाही. त्यांचं चालणं, त्यांचं कमी बोलणं, चहा घेताना "ठेव गो बाय" म्हणणं, सगळं त्या हातात होतं. कुठेही जास्त नाही. आणि मधेच, कोणाचं लक्ष नसताना, एक अशी खट्याळ उठाण, की बुवासुद्धा गाता गाता हसल्याचं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. माझे सासरे खट्याळ होते, हे मला त्या दिवशी कळलं.

बाबांनी डॅशबोर्डवर दोन्ही हात ठेवले होते. उजव्या हाताची दोन बोटं नीट उठत नव्हती, पण ती उठायचा प्रयत्न करत होती. डावा हात मात्र अगदी बरोबर पडत होता. सासूबाई हातात डाव घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या दाराला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या स्पर्धेक माका नेलां नव्हता."

"आता ऐक मगे," बाबा म्हणाले. "बस मागे."

त्या मागच्या सीटवर बसल्या. तिघांनी ते सबंध भजन ऐकलं, गजरापर्यंत. मग सासूबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. कामावरून परतलेला नवरा फाटकातून स्कूटर आत घेताना बघतो तो काय, एका दाराचं कातडं सोललेली गाडी, आत बसलेले तिघं, आणि घरात जेवण थंड. तोही आत शिरला.

त्यानंतर गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. भजनी मंडळाचे लोक दोघा-दोघांनी येऊन गाडीत बसून ऐकून गेले. आता जो तरुण मंडळात पखवाज वाजवतो, तो ठेक्यातली एकच जागा ऐकायला चार वेळा आला. पाचव्या वेळी बाबा म्हणाले, "गाडयेतसून काय शिकतलंस? घरा ये." तेव्हापासून तो मंगळवार-शुक्रवार येतो. बाबा तोंडाने बोल म्हणतात, डाव्या हाताने कदेलाच्या हातावर दाखवतात, तो वाजवतो. बाबांचाच पखवाज घरी आणून खोळीतून काढताना पहिल्या दिवशी तो फार अवघडला होता. बाबांनी नुसतं विचारलं, "कणीक मळलंस?" आणि सासूबाई परात घेऊन बसल्या.

आणि बाबा माझ्याबरोबर डिचोलीला यायला लागले. रोज नाही, शनिवारी, अर्धा दिवस शाळा असते तेव्हा. मी शाळेत असते तेवढा वेळ ते माझ्या आईकडे बसतात, दोघं खाणीच्या दिवसांच्या गप्पा मारतात. येता-जाता आम्ही ऐकतो. भजन ऐकतो, नाट्यगीतं ऐकतो, एकदा माझ्या विद्यार्थ्यांच्या आवडीचं काहीतरी धांगडधिंग्याचं लावलं तेही त्यांनी अस्नोड्यापर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाजवणारो हुशार आसा, पण तेका कोण थांबवणारो नाय." वहीची दोनशे पानं कधीच भरली.

मागच्या थंडीत एका रविवारी सकाळी आम्ही दोघं चोपड्याला नदीवर गेलो. कारण काही नव्हतं. पाणी ओसरलेलं होतं, होड्या ओढून वर घेतलेल्या. मी पाव-भाजी बांधून घेतली होती, गाडीची चारही दारं उघडी टाकली आणि बुवांचं भजन लावलं. जवळच एक म्हातारा रापण दुरुस्त करत बसला होता, जाळ्याची एकेक गाठ मारत. पहिला अभंग होईपर्यंत त्याने वर बघितलं नाही. दुसऱ्या अभंगाच्या शेवटी लय चढली तेव्हा त्याचा हात थांबला. भजन संपल्यावर तो जाळं बाजूला ठेवून गाडीपाशी आला.

"कोण हो वाजवणारो?"

मी बाबांकडे बघितलं. ते पाव खात होते.

"आमच्या कोरगावचो एक आसा," ते म्हणाले.

"हात बरो आसा," म्हातारा म्हणाला. "पण शेवटाक पळालो. बुवाक वढीत नेल्यान. तेना लय वाढवूची नव्हती."

मी मनात म्हटलं, संपलं. चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाला समोर उभं राहून कोणी असं सांगावं! पण बाबांनी पाव खाली ठेवला आणि दोन्ही गुडघ्यांवर हात मारून इतके जोरात हसले, की पाण्यावरचे बगळे उडाले.

"पळालो! होय, पळालो!" ते म्हणाले. "स्पर्धेची घंटा वाजतली म्हणान घाबारलो होतो. बुवा मगे महिनोभर बोलाक नाय माझ्याशी."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नीट बघितलं, मग त्यांच्या हातांकडे. "तुमी?" त्याने विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

तोही चोपड्याच्या देवळात पखवाज वाजवायचा, हे मग निघालं. त्याला मी पुढच्या सीटवर बसवलं, बाबा मागच्या सीटवरून पुढे वाकून बसले, आणि त्या दोघांनी ती शेवटची दीड मिनिटं मला नऊ वेळा मागे न्यायला लावली. लय नेमकी कुठे सुटली यावर त्यांचं एकमत होईना. एक म्हणे तिसऱ्या आवर्तनात, दुसरा म्हणे त्याच्याही आधी, टाळकऱ्यांनीच ढकललं. तळहातांनी मांड्यांवर वाजवून दाखवत होते, एकमेकांचे हात धरून थांबवत होते. उरलेली भाजी मी एकटीने खाल्ली, मग नदीच्या कडेने लांबवर चालून आले. परत आले तरी ते तिसऱ्या आवर्तनातच होते. आम्ही घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते, आणि उशीर का झाला ते सासूबाईंना सांगताना बाबांनी अख्खं जेवण होईस्तोवर तोंड मिटलं नाही.